भाकरीची शपथ

"दिवसातून भात किती वेळा होतो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सकाळी पेज," मी म्हटलं. "दुपारी भात. रात्री... भातच."

"आणि पोळी?"

"सोसत नाही. पोट फुगतं."

"मग भाकरी?"

मी खिडकीबाहेर बघितलं. दवाखान्याच्या आवारातल्या फणसाला बुंध्यापासून कोवळ्या फळांच्या कुयऱ्या लागल्या होत्या, आईच्या कडेला बिलगलेल्या पोरांसारख्या.

"भाकरी नाही खात मी."

केतकी पाध्ये तिचं नाव. वय माझ्या शिवणवर्गातल्या मुलींपेक्षा थोडंसंच जास्त. तिनं रिपोर्टवरून मान वर केली. "बाई, तुमच्या बोलण्यावरून तुम्ही घाटावरच्या वाटता. गाव कुठलं?"

"मंगळवेढ्याकडचं."

"अहो, ज्वारीच्या गावच्या तुम्ही! आणि तीन वेळा भात?" ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "हे बघा, साखर बरीच वाढलीय. गोळी देते, पण गोळीवर सगळं सोडून चालणार नाही. पेज बंद. भातही सध्या बंद. रोज संध्याकाळी चालायचं. उसळ, पालेभाजी भरपूर आणि दोन्ही वेळेला एक-एक भाकरी. ज्वारीची खा, नाचणीची खा, पण भाकरीच्या वाटेला लागा. घरात आणखी कुणाला आहे साखर? आईला?"

"आई मी लहान असतानाच गेली."

"वडिलांना?"

"माहीत नाही."

"आहेत ना ते?"

"आहेत."

"मग विचारा की फोन करून!" ती सहज म्हणाली आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

ही गोष्ट देवरूखची. मी तिथल्या शाळेत शिवण शिकवत होते. शिंप्याच्या आळीमागं दोन खोल्या, दारात एक तगर, आणि मी. लग्न केलं नाही. वीस-बावीस वर्षं तिथं काढली आणि तिथल्या तांदळानं मला आपलंसं करून घेतलं होतं. उकड्या तांदळाची पेज, वर लोणच्याची फोड. कुळथाचं पिठलं आणि भात. आमसुलाचं सार आणि भात. बाहेर पाऊस कोसळत असला की ताटातल्या भाताच्या वाफेकडं बघत बसायचं. कुणीतरी समोर बसून बोलतंय असं वाटायचं.

ती वाफच गेली.

सकाळी मूग उकडून खायचे, बिनसाखरेचा चहा प्यायचा. मुलींना टीप घालायला देऊन मी टेबलाशी बसले की चारच्या सुमाराला एकाच सुईत तीन-तीनदा दोरा ओवावा लागे. एकीचं लग्न ठरलं, तिनं पेढे आणले. "बाई, माझा पेढा नाही खाल्लात?" असं तिनं दोनदा विचारलं. मी पेढा ड्रॉवरमध्ये ठेवला. सोमवारी उघडलं तर मुंग्यांची वरात निघालेली.

संध्याकाळी चालायला जायची. त्या गावात काम असल्याशिवाय कुणी चालत नसे. रस्त्यावर भेटेल तो विचारी, "कुठं निघालात बाई?"

"कुठं नाही."

"मग?"

शेवटी मी हातात पिशवी घेऊन चालायला लागले. रिकामी पिशवी बघून कुणी काही विचारत नसे.

रात्रीचं जेवण सगळ्यात अवघड. एका माणसाला पडवळ अर्धंच लागतं. उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी वाळून, वाकडं होऊन कोपऱ्यात पडलेलं दिसे. मी भाजी खायची, आमटी प्यायची, काकडी खायची, आणि पान अजून वाढायचंच आहे अशी वाट बघत बसायची.

शेजारच्या सुगंधाकाकूंच्या ते लक्षात आलं. त्या एकदा नाचणीची भाकरी फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. गरम होती. फडक्यातून वास येत होता.

"ही घ्या बाई. आणि ही कुळथाची पिठी. डॉक्टरनं सांगितलंन ना तुम्हाला?"

"काकू, मी भाकरी नाही खात."

"कशाला नाय खायची गो? आता औषध म्हणून खा."

"नको."

"माझ्या हातची नको काय?" त्यांचा चेहरा उतरला.

"तसं नाही हो काकू. पिठी ठेवा ना. पिठी द्या मला."

त्यांनी त्या पातळ पिठल्याचं भांडं ओट्यावर ठेवलं आणि भाकरी तशीच परत घेऊन गेल्या. नंतर बरेच दिवस कुंपणाशी त्यांचा आवाज आला नाही.

त्यांना काय सांगणार होते? आण्णांनी मला भाकरीची शपथ घातली होती.

आण्णा म्हणजे माझे वडील. आई गेली तेव्हा बाळू, माझा भाऊ, रांगत होता. आण्णांनी दुसरं लग्न केलं नाही. शेतातून यायचे, पाय धुवायचे आणि चुलीपुढं बसायचे. माझ्या आईला ते जसं करताना बघायचे, तसंच सगळं करायचे. तिच्या ओव्यासुद्धा म्हणायचे, त्या जाड्याभरड्या आवाजात. गल्लीतल्या बाया हसायच्या. आण्णांना त्याचं काही नसे. काठवटीपुढं माझ्या हातावर हात ठेवून ते भाकरी थापायला शिकवायचे, आणि त्यांनी स्वतः जुळवलेली एक ओवी होती, ती म्हणायचे:

शाळूची भाकर, थापावी गं पिठावर
मायेवेगळी लेक, वाढली बापाच्या हातावर

माझं लग्न त्यांनी त्यांच्या मित्राच्या मुलाशी ठरवलं. शब्द देऊन आले. सुपारी फुटली. मला शिवणाच्या कोर्सला जायचं होतं, रत्नागिरीला. मी आधी रडून बघितलं, मग समजावून बघितलं. शेवटी एका सकाळी पत्र्याची पेटी घेऊन त्यांच्या पाया पडायला गेले. ते न्याहारीला बसले होते. त्यांनी पाय मागं घेतले.

"शब्द दिलाय मी, वच्छे," ते म्हणाले. "माजा शब्द मोडून चाललीस. जा. पन माजी एक शपत घेऊन जा. हितनं पुढं भाकरीला हात लावशील तर माजं मेलेलं तोंड बघशील."

एवढंच बोलले, आणि त्यांच्या हातातला तुकडा तसाच ताटात ठेवला.

मी शिकलेली-सवरलेली होते. शपथेनं कुणी मरत नाही, हे मला कळत होतं. तरी कोर्सच्या हॉस्टेलात पहिल्या संध्याकाळी पानात भाकरी आली, तेव्हा मी ती शेजारणीच्या पानात सरकवली. दुसऱ्या दिवशीही. मग ते तसंच होत गेलं. पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. बाळूच्या लग्नात त्यानं बोलावलं. पण आण्णांनी बोलावलं नव्हतं, म्हणून मी नवरीला साडी पाठवली आणि घरी बसले. ते जिवंत आहेत एवढं बाळूकडून कळत राहायचं. तेवढं पुरायचं.

सुगंधाकाकू भाकरी परत घेऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारातून ज्वारीचं पीठ आणलं. गरम पाणी घातलं, मळलं. हातांना सगळं आठवत होतं. तळव्याखाली गोळा फिरायला लागला, कड पातळ होत गेली. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, जाळावर धरली. टम्म फुगली. मी एकटीच खुशीत हसले.

ताटात घेतली. पापुद्र्याला बोट लावलं तर वाफेचा चटका बसला. त्या चटक्याबरोबर ते न्याहारीचं ताट डोळ्यांपुढं आलं. मी बराच वेळ बसून राहिले. भाकरी गार झाली, कडक झाली. मग मी ती उचलून रस्त्यावरच्या गाईला घातली.

तिसऱ्या दिवशी शाळेत रजेचा अर्ज दिला. साखरेचं विचारायचं आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला 'सुटली' म्हणवून घ्यायचं होतं. लहानपणी बाळू आणि मी एकमेकांना शपथा घालायचो आणि मग रडकुंडीला येऊन म्हणायचो, "सुटली म्हण, सुटली म्हण." ज्यानं घातली त्यानंच सोडवायची. दुसऱ्या कुणाला ते जमत नाही.

एसटीनं घाट चढला, कोल्हापूर गेलं, मिरज गेली. पुढं जमीन काळी होत गेली. माघातले दिवस. शाळू डोक्याएवढा उभा होता, कणसांत दाणा भरला होता, आणि वारा आला की सगळं शिवार एका अंगावर कलायचं. मी खिडकीची काच वर सरकवली. तो वास नाकात गेला आणि भूक लागली. नुसती पोटाची नव्हे. गोळ्या सुरू झाल्यापासून एवढी भूक लागली नव्हती.

दारात अंजना होती, बाळूची बायको. तिनं मला फोटोतच पाहिलेलं. क्षणभर बघत राहिली, मग घाईघाईनं तांब्या घेऊन आली. "आक्का! अगं बया. पाय धुवा. हे शेताकडं गेल्यात. फोन तरी करायचा."

"आण्णा?"

तिनं मागच्या परसाकडं मान केली.

लिंबाखाली बाजेवर आण्णा बसले होते. एवढे लहान कधी झाले होते? उजव्या पायाला मळकं फडकं गुंडाळलेलं. डोळे माझ्याच दिशेला होते, पण माझ्यापाशी पोचत नव्हते.

"कोन हाय?"

"कोकनातल्या आक्का आल्यात," अंजना म्हणाली.

आण्णांनी बाजेवरचा हात उचलला आणि परत तिथंच ठेवला. मी वाकून नमस्कार केला. या खेपेला त्यांनी पाय मागं घेतले नाहीत. बहुतेक त्यांना तेवढ्या चपळाईनं घेता येत नसावेत.

"धा-बारा वर्सं झाली साखर," अंजना मला हळूच सांगत होती. "अंगठा काढला. डोळ्याला बी अंधुक दिसतंय. पथ्य म्हनाल तर काय नाय, च्यात साखर मागत्यात."

"च्या बिनसाखरेचा पिला तर आंघोळीचं पानी पिल्यागत लागतंय," आण्णा मधेच म्हणाले. त्यांचे कान मात्र पूर्वीसारखेच तिखट होते.

अंजनानं तिथंच, लिंबाच्या सावलीत, ताटं मांडली. वांग्याचं भरीत, हरभऱ्याची भाजी, कांदा, आणि ताज्या पिठाची भाकरी, पांढरी, चंद्रासारखी, कडेला किंचित करपलेली. एक ताट आण्णांच्या पुढ्यात, एक माझ्या.

मी भाजी खायला लागले. भरीत खाल्लं. कांदा खाल्ला.

"आक्का, भाकर घ्या की."

"भाजीच छान आहे."

"भात टाकू का जरासा? कोकनातल्या मान्साला भाताबिगर पोट भरत नसंल."

"भात बंद झालाय, अंजना. मलाही साखर निघाली."

आण्णांचा हात भाकरीवर थांबला.

"तुला?" ते म्हणाले. मला उद्देशून बोललेला तो त्यांचा पहिला शब्द.

"हो. गेल्या महिन्यात कळलं."

"माजीच आली म्हनायची." त्यांनी पुढ्यातलं ताट जरासं सरकवलं. "मग खाती काय?"

"भाज्या. उसळ. मूग."

"नुसतं? गडी मान्सागत राबती अन् नुसतं मूग खाती? भाकर खा की."

मी कांद्याची फोड उचलली.

"का गं? भाकरी चालती साखरंला. डॉक्टर मला बी सांगतो."

"आण्णा," मी म्हटलं, "तुम्ही शपथ घातलीय ना."

वरून लिंबाची दोन-चार पानं पडली. अंजना परातीपाशी वाकली होती ती तशीच राहिली.

"कवा?"

"मी गेले तेव्हा."

"ती?" आण्णांनी तोंड माझ्याकडं वळवलं. त्यांचे डोळे मला शोधत होते. "ती तू पाळलीस?"

"हो."

"एवढी वर्सं?"

"तुम्ही आहात ना अजून," मी म्हटलं.

त्यांच्या तोंडून हसल्यासारखा काहीतरी आवाज आला. मग तो तसा राहिला नाही. खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले.

"आगं येडे," ते म्हणाले. "आगं खुळे. मला वाटलं, तिकडं उतरल्या उतरल्या खाल्ली असशील. माज्यावरच्या रागानं चार खाल्ल्या असशील. मी वाट बघितली, मरतोय का. न्हाय मेलो. मग म्हनलं, बापाची शपत फुकट गेली, बरं झालं." त्यांनी श्वास घेतला. "ताप आला की मी म्हनायचो, आज वच्छीनं भाकर खाल्ली. ह्या अंजीला इचार."

अंजनानं डोळ्याला पदर लावला. "म्हनायचे," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, तापात बरळत्यात."

"बरळत नव्हतो. खोकला झाला की एक खाल्ली. ताप आला की दोन. पाय पिकला तवा तर अंगाची लाही झाली हुती. बाळू रडाय लागला. मी त्याला म्हनलं, रडू नगं रं, तिकडं सन असंल, पोरगी पोटभर जेवली. लई बरं वाटायचं जिवाला." ते थांबले. "अन् तू खाल्लीच न्हाईस व्हय?"

त्यांच्या एकेका तापाला मी तिकडं भात खात होते, ते जगावेत म्हणून.

"आण्णा," मी शेवटी म्हटलं, "आता सुटली म्हणा."

त्यांनी टॉवेल परत खांद्यावर टाकला.

"म्हणा की. त्यासाठीच आलेय मी."

"न्हाय म्हनत."

"अवो आण्णा!" अंजना म्हणाली. "असं काय करताय?"

"तू गप. म्हनलं की झालं हिचं काम. उद्याच्या गाडीनं जाईल अन् परत तोंड दावनार न्हाय." त्यांनी चाचपडत माझ्या ताटाची कड धरली. "त्या शपतीबिगर तुज्या-माज्यात हुतं काय इतकी वर्सं? ना फोन, ना काय. तेवढी एकच गाठ हाय. ती सोडू?"

"मग मी खाऊ काय?"

"भाकर खा. शपत हाय तशी राहू दे, अन् खा."

"आणि तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"म्हातारा झालोय. हुनारच की." त्यांनी चाचपडून माझ्या ताटातली भाकरी उचलली, अर्धी मोडली, आणि हवेतच पुढं धरली, अंदाजानं, माझ्या तोंडापेक्षा थोडी डावीकडं. "झालं तर माजं तोंड बघाया येशील. येशील न्हवं?"

मी तोंड डावीकडं नेलं. घास घेतला. गोड होता. शाळूचा गोडवा असा जिभेवर लगेच कळत नाही, चावता चावता मागून येतो. मी चावत राहिले आणि मान हलवली.

"मान हलवली असशील," आण्णा म्हणाले. "मला दिसत न्हाय. बोलून सांग."

"येईन," मी भरल्या तोंडानं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी देवरूखला परतले. अंजनानं पिशवीत ताजं पीठ बांधून दिलं होतं. संध्याकाळी चालून आले, भाकरी थापली, भाजीबरोबर खाल्ली, आणि बाळूच्या घरी फोन लावला. आण्णांना फोनपाशी आणायला वेळ लागला.

"खाल्ली," मी म्हटलं.

पलीकडं धाप ऐकू आली, मग आवाज. "हाय अजून."

ते रोजचंच झालं. दुसरं फारसं बोलायला आम्हाला जमलं नाही. मी म्हणायची, खाल्ली. ते म्हणायचे, हाय अजून. कधी रागात असले की म्हणायचे, "अंजी च्यात साखर घालत न्हाय, तू सांग तिला." मी म्हणायची, "मीही नाही घालत." सुगंधाकाकूंना मी सगळं सांगितलं. त्या भांडं घासता घासता ऐकत राहिल्या आणि नंतर नाचणीची भाकरी पाठवू लागल्या. केतकी पाध्येनं माझा नवा रिपोर्ट बघून टेबलावर थाप मारली. घरात मात्र मी एकटीच होते. ताट एक, वाटी एक. पण भाकरी गार व्हायच्या आत मला कुणालातरी काहीतरी सांगायचं असे.

अशी काही वर्षं गेली. मग एका पहाटे बाळूचा फोन आला. आदल्या संध्याकाळी आण्णा 'हाय अजून' म्हणाले होते.

मी पोचेपर्यंत त्यांना ठेवलं होतं. तोंडावरचं कापड बाळूनं बाजूला केलं. मी म्हटल्याप्रमाणे आले होते. मी बघितलं, पुरतं बघितलं. मग त्यांना नेलं.

दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. दिवस कलताना शेजारच्या आवडाईनं पिठलं-भाकरी आणली, टोपलीत झाकून. बाळू भिंतीला टेकून बसला होता, तो हात लावेना. अंजना लावेना. मी ताट ओढून घेतलं.

आवडाई बघत राहिली. तिला काय वाटलं असेल ते तिच्या तोंडावर दिसत होतं: बाप जाऊन दिवस बुडाला नाही आणि लेक जेवायला बसली.

"खाऊ द्या तिला," बाळू म्हणाला.

भाकरी गार होती, दुसऱ्या कुणाच्या हातची, जराशी जाड. मी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मग परसाच्या दाराकडं तोंड केलं आणि म्हटलं,

"खाल्ली."